कादंबरीतली तटबंदी झिजते आहे, पण कशाने झिजते हेच ठरत नाहीये. जाणकारांनो, मदत करा

काजळवाट

मंडळी, कल्पनारम्य कादंबरी लिहिते आहे. निम्म्याच्या पुढे गेली आहे. पात्रं बोलायला लागली आहेत, माझं ऐकेनाशीही झाली आहेत, पण मुख्य रहस्याचं उत्तर अजून माझ्याकडे नाही.

मांडणी अशी. आर्वण नावाचं एक कुळ आहे. तिन्ही बाजूंनी दगडी तट, चौथ्या बाजूला सरळसोट कडा. तट चार पुरुष उंच आणि फांजीवरून, म्हणजे तटाच्या माथ्यावरच्या वाटेवरून, तिघं शेजारी-शेजारी चालतील एवढा रुंद. तटापलीकडे जे आहे त्याला कुळात नाव नाही, नुसतं ‘ते’ म्हणतात. तटाला मात्र नाव आहे, ‘पाठ’. सकाळी माणसं भेटली की राम-राम नाही, ‘पाठ ताठ?’ असं विचारतात आणि समोरचा ‘ताठ’ म्हणतो.

माझी नायिका निसा फेरीवाली आहे. रोज पहाटे हातोडी घेऊन तटाच्या कडेकडेने चालायचं आणि दगड वाजवून बघायचे, हे तिचं काम. हे काम तिच्या बापाकडून आलं आणि त्याच्याकडे त्याच्या बापाकडून. चांगला दगड ठणकतो. तिसऱ्या प्रकरणात एक दगड ठणकत नाही, भद्द वाजतो. दिसायला त्याला काहीच झालेलं नाही. मग शेजारचा, मग खालचा. पुढे एका दगडाची कड बोटाने चोळली तर पिठासारखी हातात येते.

आता माझ्या अटी. शाप नको. शाप म्हटला की लेखकाला काहीही करता येतं आणि वाचक डोकं चालवायचं सोडून देतो. या जगात जादू आहे, पण ती फक्त जिवंत गोष्टींवर चालते. कुळाची थोरली ‘त्यां’ना रात्रभर गुंगवून ठेवू शकते, दगडाचं मात्र काही करू शकत नाही. तेव्हा कारण दगड, पाणी, माती किंवा माणूस यांतच हवं. विसाव्या प्रकरणात उत्तर कळल्यावर वाचकाने तिसरं प्रकरण पुन्हा उघडावं आणि ‘अरे, हे इथेच होतं की’ असं म्हणावं.

आतापर्यंत सुचलेलं: कुळातलाच फितूर, झाडांची मुळं, नाहीतर सरळ वय झालं. फितूर दर दुसऱ्या कादंबरीत असतो. मुळं दिसतात, त्यामुळे रहस्य उरत नाही. आणि वय झालं म्हणून पडली, तर मग कादंबरी कशाला लिहायची?

प्रश्न एवढाच, की खऱ्या भिंती कशाने मरतात?

---

खडूस_वाचक

फँटसीत एवढं कारण-कारण कशाला? भिंत झिजते, कुळ घाबरतं, निसा बाहेर पडते. चालतंय की. गूढ गूढच राहू द्या.

वास्तवातही तसं आहे. स्कॉटलंडमध्ये कित्येक प्राचीन किल्ल्यांच्या भिंतींतले दगड वितळून काचेसारखे एकमेकांना चिकटलेले आहेत. कोणी वितळवले आणि कशासाठी, यावर अभ्यासक आजही भांडतात. शत्रूने जाळले, की बांधणाऱ्यांनीच मुद्दाम? १९३७ मध्ये लाकडी चौकटीची दगडी भिंत बांधून, ती पेटवून दगड वितळतात हे करूनही दाखवलं. म्हणजे ‘कसं’ कळलं, ‘का’ तसंच राहिलं. कोणाचं काही अडलं?

---

काजळवाट

@खडूस_वाचक, उदाहरण झकास आहे, ढापणार. पण तिथे निदान ‘कसं’ तरी कळलं ना? माझ्याकडे तेही नाही. वाचकाला काही न सांगणं वेगळं आणि लेखकालाच माहीत नसणं वेगळं. दुसरा प्रकार चौथ्या पानावर वास मारतो.

---

चुन्याची_निवळी

जुन्या दगडी बांधकामांच्या दुरुस्तीत माझी बरीच वर्षं गेली, म्हणून लिहितो. लांबेल.

आजारी भिंतीसमोर उभं राहिलं की आम्ही आधी ‘कशाने’ विचारत नाही, ‘कुठून’ विचारतो. झीज तळातून वर चढते आहे, माथ्यावरून खाली उतरते आहे, की पोटात आहे? ‘कुठून’ कळलं की ‘कशाने’ निम्मं कळतं. तुमच्या निसाने पहिल्या दिवसापासून हे टिपून ठेवलं पाहिजे, आणि तुमच्या कथेत खुणा पेरायची जागाही हीच.

तळातून येते ती ओल. जमिनीतलं पाणी दगडाच्या आणि चुन्याच्या बारीक छिद्रांतून वर चढतं, येताना क्षार घेऊन येतं. पृष्ठभागाशी आलं की पाणी उडून जातं, क्षार मागे राहतो आणि छिद्रातच त्याचे स्फटिक वाढतात. त्यांना जागा पुरत नाही आणि दगड आतून फुटतो. हाच लोणा. तुम्ही लिहिलेलं पीठ हेच. यात मेख अशी, की नुकसान भिंत वाळताना होतं. पावसाळ्यात सगळं कुळ तटाकडे डोळे लावून बसेल, तेव्हा काहीच होणार नाही. कोरडे वारे सुटले, सगळे निर्धास्त झाले, की पापुद्रे पडायला लागतील.

माथ्यावरून येतं ते पावसाचं पाणी. एवढा रुंद तट कधीच सबंध घडीव दगडाचा नसतो. बाहेर एक दर्शनी थर, आत एक, आणि मध्ये धोंडे-चुन्याचा भराव. फांजीवरची फरसबंदी फुटली की पाणी भरावात शिरतं, चुना आणि बारीक माती धुऊन नेतं. भराव खाली बसतो आणि दर्शनी थराला बाहेर ढकलतो. भिंतीला पोट सुटतं. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड असतात, ते मोडले की एका रात्रीत अख्खा दर्शनी थर सुटून येतो आणि मागे नुसता भराव उभा राहतो. दगड भद्द वाजतो तोही बहुधा यामुळेच, त्याची मागची पकड सुटलेली असते. म्हणजे एकाच भद्द आवाजाला दोन कारणं असू शकतात, दगड स्वतः कुजलाय किंवा दगड धड आहे पण मागे पोकळी आहे. निसाला हे दोन आवाज वेगळे ओळखता येतात की नाही, हे ठरवा. वीस वर्षं ठोकणाऱ्या माणसाला येतात.

चुन्याबद्दल एक गैरसमज आहे. चुनखडी साधारण ९०० अंशांना भाजायची, पाण्यात विरवायची, वाळूबरोबर मळायची. मग हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेत हळूहळू पुन्हा दगड होतो. हवा पोचेल तिथेच. फार जाड भिंतीच्या पोटातला चुना शेकडो वर्षं मऊ राहिलेला सापडतो. ‘पणजोबांच्या काळची भिंत, आता वज्र झाली असेल’ असं तुमच्या थोरलीला वाटत असेल, तर ते बाहेरच्या हातभराबद्दलच खरं आहे.

आता मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेलं कारण. दुरुस्ती.

भिंतीच्या सांध्यांतला चुना दगडापेक्षा मऊ हवा. ओल सांध्यातून बाहेर पडते, झीज सांध्याची होते, आणि काही वर्षांनी आपण तो उकरून नव्याने भरतो. त्यालाच आम्ही दर्ज भरणं म्हणतो. झिजायचं काम सांध्याचं, दगडाचं नाही. मग कोणीतरी शहाणा येतो आणि म्हणतो, हे दरवेळी कशाला, एकदाच पक्कं करू. कठीण मसाला भरतो, आजकाल म्हणजे सिमेंट. सांधे बंद होतात. ओलीला वाट उरते ती दगडातून. काही वर्षांत सांधे जसेच्या तसे उभे आणि दगड मागे सरकत गेलेले, अशी मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसायला लागते. लोक ती जाळी बघून म्हणतात, ‘मसाला बघा कसा टिकलाय! दगडच वाईट निघाले.’ आणि उरलेल्या भिंतीलाही तोच मसाला भरतात.

---

उलटतपासणी

निवळीकाका, शेवटचा परिच्छेद म्हणजे अख्खी कादंबरी आहे हो.

माझी दोन आण्यांची भर इतिहासातून. निसाच्या हातोडीवरून प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसची एक गोष्ट आठवली. आजच्या लिबियात बार्का नावाचं शहर होतं, पर्शियन फौजेने त्याला वेढा घातला आणि तटाखालून भुयारं खणायला घेतली. आतल्या एका तांबटाने काशाची ढाल घेतली आणि तटाच्या आतल्या बाजूने फिरत ती जमिनीवर आपटून पाहिली. इतर ठिकाणी आवाज मंद, आणि खाली भुयार असेल तिथे ढाल घुमायची. म्हणजे तुमच्या उलट! तिथे ठणकलं की धोका. निसाला एखादा परका म्हातारा भेटू द्या, जो नेमका उलटा नियम शिकलाय.

दुसरी गोष्ट कॉन्स्टँटिनोपलची, म्हणजे आजच्या इस्तंबूलची. इ.स. ४४७ च्या भूकंपात तटाचे ५७ बुरूज पडले, आणि अटिला हूण येतो आहे अशी हूल. तेव्हा रथशर्यतींच्या प्रतिस्पर्धी संघांचे पाठीराखे, एरवी एकमेकांची डोकी फोडणारे, कामाला जुंपले आणि साधारण दोन महिन्यांत तट उभा झाला. तुमच्या कुळात असे दोन तट असतील तर (तट म्हणजे गट, श्लेष मुद्दाम नाही), त्यांना एकाच दगडाच्या दोन टोकांना उभं करा.

---

रसशाळा

मी बांधकामातली नाही, रसायन शिकवते. शाप नको पण थोडं भीतीदायक हवं असेल तर एक कारण सुचवते.

जमिनीखाली कुठे हायड्रोजन सल्फाइड वायू असेल आणि तो भेगांतून वर येत असेल, तर ओलसर भिंतीवर वाढणारे काही जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात. सांडपाण्याच्या काँक्रीटच्या वाहिन्या अशाच खाल्ल्या जातात. आम्लाने चुन्याचं, चुनखडीचं जिप्सम होतं, मऊ, नखाने खरवडता येईल असं. अमेरिकेतल्या कार्ल्सबॅड गुहा अशाच गंधकाम्लाने कोरल्या गेल्या आहेत, म्हणजे या रसायनाची भूक केवढी ते बघा.

आणि खूण? भिंतीच्या आधी चांदी काळी पडेल. फार थोड्या वायूनेही पडते. तिसऱ्या प्रकरणात आजी कुरकुरते आहे की हल्ली वाळे कितीही घासा, दोन दिवसांत काळेच. कोण लक्ष देणार? सुरुवातीला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण वायू वाढला की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. कुळाला वाटेल संकट टळलं. खाली काय झोपलंय आणि श्वास सोडतंय, ते तुमचं तुम्ही बघा.

---

खडूस_वाचक

हे मात्र मस्त. वास थांबला म्हणून सगळे खूश, यावर आपण फिदा. शब्द मागे घेत नाही, पण हे वाचेन.

---

काजळवाट

काल रात्री हे सगळं वाचलं आणि झोप उडाली, चांगल्या अर्थाने.

@रसशाळा, काळे वाळे मी घेणार, पण या कादंबरीत नाही. खाली काहीतरी झोपलंय म्हटलं की कादंबरी त्याची होते आणि मला ती भिंतीची हवी आहे. दुसऱ्या भागासाठी राखून ठेवते. (प्रकाशकाने पहिला घेतला तर.)

@उलटतपासणी, परका म्हातारा आला. आला म्हणजे कालच रात्री आला, दीड पान बोलला आणि थांबेना. दोन गट नको, माझ्याकडे आधीच माणसं फार झाली आहेत.

@चुन्याची_निवळी, तुमची दुरुस्ती घेतली. सांगते कशी बसवली ते.

निसाचा बाप कुळाचा नायक आहे. तो तरुण असताना दर वर्षी कोरड्या दिवसांत अख्खं कुळ महिनाभर दर्ज भरायला बसायचं. त्या कामात तटाबाहेर लटकावं लागायचं आणि दर वर्षी एखाददुसरं माणूस ‘ते’ न्यायचे. बापाने कड्याखालून करडी राख आणली. जुन्या ज्वालामुखीची. चुन्यात मिसळली की मसाला पाण्यातही घट्ट होतो. रोमन लोक बंदरांसाठी असाच मसाला वापरायचे हे वाचलं होतं, ते कामी आलं. बापाने सगळे सांधे एकदाच, कायमचे भरले. त्यानंतर बाहेर लटकून कोणी मेलं नाही. त्याच्या नावाची गाणी आहेत. आणि ती गाणी खोटी नाहीत, हे मला फार आवडलं. त्याने खरंच माणसं वाचवली.

तिसऱ्या प्रकरणात निसा चालता चालता सवयीने भिंतीवरून बोटं फिरवते आणि बापाच्या सांध्यांची कड बोटांना लागते, दगडापेक्षा किंचित वर आलेली. तिला अभिमान वाटतो. लहानपणी ही कड नव्हती, हे तिच्या लक्षात येत नाही. वाचकाच्याही येऊ नये.

पुढे दगड भुगा व्हायला लागल्यावर कुळ काय करणार? राख आणून आणखी सांधे भरणार.

आता माझे प्रश्न. एक, हे एका पिढीत शक्य आहे का, की आजोबांपर्यंत मागे जावं लागेल? दोन, निसाला कळल्यावर ती दुरुस्त काय करणार? तीन, भिंतीवर मी शेवाळं दाखवलं आहे, ते खरवडून काढायचं कुळात व्रत आहे. ते ठेवू की काढू?

---

चुन्याची_निवळी

वा. बापाला खलनायक केलं नाहीत, हे बरं केलंत. अशी दुरुस्ती करणारी माणसं बहुतेक वेळा भलीच असतात.

एका पिढीत होतं. दगड मऊ ठेवा, वाळूचा दगड किंवा सच्छिद्र चुनखडी. काळा बेसाल्ट घेतलात तर मला पटणार नाही. आणि राख ताजी होती, न धुता वापरली असं दाखवा. ताज्या ज्वालामुखी राखेला विरघळणारे क्षार चिकटलेले असतात. म्हणजे बापाने ओलीची वाट तर बंद केलीच, वर क्षारही स्वतःच्या हाताने भिंतीत भरला. एक सावधगिरी. रोमन मसाला वाईट होता असं लिहू नका, लोक अंगावर येतील आणि बरोबर येतील. समुद्रातली त्यांची बांधकामं दोन हजार वर्षं उभी आहेत. तिथे अख्खं बांधकामच त्या मसाल्याचं होतं. इथे कठीण मसाला मऊ दगडांच्या मध्ये कोंबलाय, दोष त्या जोडीचा आहे.

शेवाळं ठेवा, व्रतही ठेवा. आमच्या कामात आपण सरसकट झाडझाडोरा काढतो, मोठ्या झाडांच्या बाबतीत ते योग्यच. पण चीनच्या भिंतीच्या धुमस मातीच्या (थर ठोकून घट्ट केलेल्या मातीच्या) भागांवर २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शेवाळं आणि सूक्ष्मजीवांची जी पातळ साय त्या मातीवर धरली आहे, ती असलेले भाग उघड्या भागांपेक्षा मजबूत निघाले. तुमचा तट दगडी आहे म्हणून हे जसंच्या तसं लागू होत नाही, पण तटाचा एखादा जुना तुकडा मातीचा असेल आणि व्रत नेमकं तिथेही पाळलं जात असेल, तर बघा.

आता दुरुस्ती. ऐकायला सोपी आहे. कठीण मसाला उकरून काढायचा, दगडातला क्षार ओल्या मातीच्या लेपाने ओढून घ्यायचा, मऊ चुन्याने दर्ज पुन्हा भरायचे. करायला मात्र जीव जातो. पक्का बसलेला मसाला टाकीने काढताना कुजलेल्या दगडाच्या कडाही त्याच्याबरोबर येतात. लेप वाळेपर्यंत थांबायचं, काढायचा, पुन्हा लावायचा. चुना धरायला आठवडे-महिने. त्यात थंडी पडून ओला चुना गोठला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. आणि या काळात भिंत आत्तापेक्षाही कच्ची असते. बाहेर ‘ते’ आहेत. म्हणजे निसाला कुळापुढे उभं राहून सांगावं लागेल, की बापाचं काम टाकीने फोडू या, तट मुद्दाम उघडा करू या, आणि पुन्हा दर वर्षी बाहेर लटकायला सुरुवात करू या. माझी मुलगी मला हे सांगायला आली असती तर मी हातोडी काढून घेतली असती.

भेग चालू आहे की थांबलेली, हे सिद्ध करायची एक युक्तीही देतो. भेगेवर आडवा गिलाव्याचा छोटा ठिपका लावायचा, वर तारीख. ठिपका तडकला तर भेग जिवंत आहे. कुळाला लिहिता येत नसेल तर ओल्या गिलाव्यावर अंगठा उमटवा. सभेत कोणी तिचं ऐकणार नाही, ठिपक्यांचं ऐकतील.

---

उलटतपासणी

बाप जिवंत आहे का हो? जिवंत ठेवा. आणि पहिला ठिपका त्याच्याच अंगठ्याचा घ्या.

---

काजळवाट

जिवंत आहे. आत्तापर्यंत नव्हता, पाचव्या प्रकरणात मेलेला होता. त्याला उठवावं लागणार, म्हणजे साठेक पानं पुन्हा लिहायची.

काका, एक शेवटचं. सगळा तट एकदम उघडायचा नसेल, तर कामाचा क्रम काय लावायचा? मला सभेत भांडणाला मुद्दा हवा आहे.

---

चुन्याची_निवळी

एका वेळी छोटे पट्टे. एक उघडायचा, शेजारचा तसाच ठेवायचा, त्याच्या पलीकडचा उघडायचा. पहिल्यातला चुना धरल्याशिवाय मधल्याला हात लावायचा नाही. आणि त्याआधी फांजीवरून पाणी आत शिरत नाही ना, ते बघायचं. वरून गळती असताना खालचे सांधे भरणं म्हणजे मजुरी फुकट.

भांडणाचा मुद्दा इथेच आहे. नियमाने आधी सर्वांत कुजलेला पट्टा घ्यावासा वाटतो, पण तो उघडला तर पडण्याचा धोकाही तिथेच सर्वांत जास्त. म्हणून बरेचदा आम्ही त्याला आधी टेकू देतो आणि सुरुवात बऱ्या पट्ट्यापासून करतो, हात बसेपर्यंत. थोरली म्हणेल, धड भिंत कशाला फोडता? निसाकडे याचं उत्तर आहे, पण ते पटण्यासारखं नाही. टेकूला लाकूड लागेल, आणि झाडं तटाबाहेर आहेत, हेही विसरू नका.